मुक्त टॉवर हवा, पण सांधा कोण सांभाळणार?

गेल्या सत्रातल्या आंतर-हाउस वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय होता दूरसंचारातले स्वावलंबन. सहाही कॅडेट तयारी करून आले होते. त्यांतल्या चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली : मोबाइल टॉवरचे तंत्रज्ञान 'ओपन' झाले की ते आपले होईल, आणि आपले झाले की सुरक्षित होईल. टाळ्या भरपूर पडल्या. मी गुण दिले ते वक्तृत्वाला. मुद्द्याबद्दल जे बोलायचे होते ते परीक्षकाच्या तीन मिनिटांत मावणारे नव्हते, म्हणून मराठी पानाच्या संपादक कॅडेटने लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला.

माझे मत आधीच सांगून टाकतो. 'ओपन रॅन', म्हणजे अनेक कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडून उभे केलेले मुक्त रेडिओ जाळे, भारताने उभारावे असे मला वाटते. पण मुक्त म्हणजे स्वदेशी नव्हे, आणि मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षितही नव्हे. ज्याला असे जाळे हवे आहे त्याने आधी सांधे तपासणारी माणसे पदरी बाळगावीत. तेवढी तयारी नसेल तर एकाच कंपनीचा बंद डबा घेतलेला बरा. सिग्नल्समध्ये चोवीस वर्षे काढल्यानंतरचे हे मत आहे. कॅडेट्सना ते पटलेच पाहिजे असे नाही.

आधी टॉवरवर काय असते ते पाहू. आपल्या मैदानाच्या कडेला उभे राहिले की कुंपणापलीकडचा टॉवर दिसतो. वरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे अँटेना. त्यांच्या पाठीशी डब्यासारखे दिसते ते रेडिओ युनिट. ते विजेच्या संकेताचे लहरींत आणि लहरींचे संकेतात रूपांतर करते. तिथून जाड केबल खाली कपाटात उतरते. त्या कपाटात बेसबँड असतो. कोणत्या फोनला कोणत्या क्षणी किती जागा द्यायची, तुटलेला संदेश कसा दुरुस्त करायचा, हा सगळा हिशोब तो करतो. कपाटाच्या मागे फायबरने जोडलेला जाळ्याचा गाभा असतो. तुमचे सिम ओळखणारी आणि कॉल पुढे पाठवणारी यंत्रणा ती.

गाभा एका कंपनीचा आणि टॉवर दुसऱ्या कंपनीचा असे पूर्वीपासून चालत आले आहे. अडचण आहे ती रेडिओ आणि बेसबँड यांच्या मधल्या केबलमध्ये. त्या केबलवरच्या संभाषणाला सगळ्या कंपन्या मिळून एक नाव देत होत्या, सीप्री. पण त्यातला मजकूर प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने भरायची. नाव एक, बोली वेगळी. त्यामुळे एकदा एका कंपनीचा बेसबँड कपाटात बसला की वरचा रेडिओही तिचाच, सुटे भागही तिचेच, आणि बहुतेक वेळा पुढच्या पिढीचे यंत्रही तिचेच. हुआवे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई आणि सॅमसंग या पाच नावांत जगातल्या टॉवरवरच्या यंत्रांचा बहुतेक बाजार मावतो. त्यातल्या दोन कंपन्या चीनच्या आहेत.

ही गोष्ट बराच काळ फक्त खरेदी विभागाची डोकेदुखी होती. २०२० साली ती संरक्षणाची झाली. ब्रिटनचे उदाहरण घ्या. त्या वर्षी जानेवारीत तिथल्या सरकारने हुआवेला गाभ्याबाहेरच्या जाळ्यात ३५ टक्क्यांपर्यंत जागा देऊ केली. जुलैत तेच सरकार म्हणाले, वर्षअखेरीनंतर ५जीसाठी हुआवेचे नवे यंत्र घ्यायचे नाही आणि २०२७ संपेपर्यंत जुनी सगळी काढून टाकायची. निर्णय एका दिवसात होतो. टॉवरवरचे यंत्र मात्र एका दिवसात बदलत नाही, कारण रेडिओ काढला तर बेसबँड निरुपयोगी आणि बेसबँड काढला तर रेडिओ निरुपयोगी. आपल्याकडे त्याच जूनमध्ये गलवान घडले. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने दूरसंचार क्षेत्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा निर्देश मंजूर केला, आणि १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांनी विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच नवी यंत्रे जोडायची असा नियम लागू झाला. एका पुरवठादाराच्या मुठीत अडकणे म्हणजे काय, हे तेव्हा सगळ्यांना एकदम दिसले.

मुक्त जाळ्याची खटपट मात्र त्याच्या आधीची आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पाच मोबाइल कंपन्यांनी ओ-रॅन अलायन्स स्थापन केली : अमेरिकेची एटी अँड टी, जर्मनीची डॉइचे टेलिकॉम, फ्रान्सची ऑरेंज, जपानची एनटीटी डोकोमो आणि पाचवी चायना मोबाइल. वादविवादातल्या माझ्या मित्रांनी हे पाचवे नाव दोनदा वाचावे. ही चळवळ यंत्र विकणाऱ्यांविरुद्ध यंत्र विकत घेणाऱ्यांची होती. तिला देशाभिमानाचा रंग नंतर चढला. मापदंड मुक्त आहे म्हणजे तो वाचून यंत्र बनवायला पुण्याची कंपनी मोकळी आहे, तशी शेनझेनचीही. कोणाची यंत्रे घ्यायची हा निर्णय पुन्हा आपल्यालाच, वेगळा आणि डोळे उघडे ठेवून, घ्यावा लागतो.

तंत्र थोडक्यात असे. बेसबँडचे काम दोन भागांत तोडले. टॉवरजवळ राहणारा तो डीयू आणि दूर शहरात बसला तरी चालतो तो सीयू. वरच्या रेडिओला आरयू म्हणतात. आरयू आणि डीयू यांच्यामधल्या संभाषणाचा तपशीलवार मापदंड लिहून खुला केला. हाच तो कळीचा सांधा. तो नाजूकही आहे, कारण इथे वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. या सांध्यावर एका बाजूच्या प्रवासाला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपासच सवलत असते. म्हणजे रेडिओ आणि डीयू यांच्यात फार तर २० किलोमीटर फायबर. दोन कंपन्यांची दोन यंत्रे, दोघांची घड्याळे इतकी जुळलेली हवीत.

ज्यांना हे रुक्ष वाटले त्यांच्यासाठी रेंजवरचे उदाहरण. इन्सास रायफल ईशापूरची, टॅव्होर इस्रायलची. दोन्हींचे माप ५.५६ बाय ४५ मिलिमीटर. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत याच मापाची काडतुसे बनतात. रायफल कोणी बनवली हे काडतुसाला ठाऊक नसते, माप ठाऊक असते. मुक्त सांधा म्हणजे हेच माप. रायफलच्या कारखान्याशी भांडण झाले तरी गोळी मिळत राहते.

आता याच उदाहरणाची दुसरी बाजू. तुम्ही रेंजवर पॉइंट टू-टू चालवता तेव्हा कधी ना कधी रोक पडते. उस्ताद येतो, बोल्ट मागे घेतो, पाहतो. दोष रायफलचा की काडतुसाचा? दोन्ही एकाच कारखान्याचे असतील तर तक्रार एकाच पत्त्यावर जाते. दोन कारखान्यांचे असतील तर रायफलवाला काडतुसाकडे बोट दाखवतो आणि काडतूसवाला रायफलकडे. मधे ट्रिगरवर बोट ठेवून बसलेला जवान तसाच राहतो.

हे मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. वाळवंटातल्या एका सरावात दोन वेगळ्या बनावटींचे रेडिओ संच एकाच जाळ्यात चालवायचे होते. कागदावर सगळे तंतोतंत. प्रत्यक्षात एका बाजूने 'चार-दो-छह' म्हटले की दुसरीकडे 'दो-छह' ऐकू यायचे. पहिला आकडा गायब. नकाशावरच्या ठिकाणाचा पहिला आकडा गेला तर काय होते हे कॅडेट्सना सांगायला नको. दोन्ही पुरवठादारांचे प्रतिनिधी दोन जीपमधून आले. दोघांनी आपापली मोजमापयंत्रे लावून आपापला संच निर्दोष असल्याचे सिद्ध केले, आणि गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत होते. एकाचा संच ऐकण्याकडून बोलण्याकडे वळायला जरा वेळ घ्यायचा, दुसऱ्याचा ऐकायला लागायला जरा वेळ घ्यायचा. दोन्ही वेळ मर्यादेच्या आत, बेरीज मर्यादेबाहेर. आमच्या एका हवालदार ऑपरेटरने बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलायची सवय सगळ्यांना लावली आणि सराव पार पडला. तो दोष कोणाच्याच संचात नव्हता. तो मधे होता, आणि मधल्या जागेचा मालक कोणीच नव्हता.

मोबाइल जाळ्यातही नेमके हेच होते आहे. जपानमध्ये राकुतेन कंपनीने कोरी पाटी घेऊन मुक्त धर्तीचे जाळे उभारले. रेडिओ नोकियाचे, ते चालवणारे सॉफ्टवेअर आल्टिओस्टार नावाच्या कंपनीचे, संगणक सर्वसाधारण सर्व्हर. ऑक्टोबर २०१९ ला पूर्ण सेवा सुरू व्हायची होती, ती एप्रिल २०२० ला झाली. जाळे चालले, आणि असे जाळे चालू शकते हे जगाला दिसले, हे श्रेय त्यांचे आहेच. पण ते कसे चालवले पाहा. सांधे जुळवणारी फौज त्यांनी स्वतःच्या घरात उभी केली, आणि २०२१ मध्ये ती सॉफ्टवेअर कंपनीच विकत घ्यायचे ठरवले. अनेक पुरवठादारांच्या जाळ्याचा सांधा शेवटी एकाने आपल्या हातात घेतला तेव्हा गाडी रुळावर आली.

अमेरिकेत डिश कंपनीनेही असेच कोरे जाळे उभारले होते. २०२५ मध्ये तिच्या मालक कंपनीने आपल्या लहरींचा मोठा हिस्सा एटी अँड टीला सुमारे २३ अब्ज डॉलरना आणि आणखी काही स्पेसएक्सला विकायचा करार केला. स्वतःचे टॉवर-जाळे गुंडाळायला घेतले. याचा ठपका एकट्या मुक्त तंत्रज्ञानावर ठेवणे अन्यायाचे होईल. कर्ज होते, ग्राहक कमी होते, सरकारी नियामकाचा तगादा होता. पण शिकाऊ जाळ्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ प्रत्येकाच्या खिशात नसतो, हे त्यातून दिसते.

आणि स्थापनेतली ती एटी अँड टी? तिने डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांत १४ अब्ज डॉलरपर्यंतचे काम एरिक्सनला दिले. २०२६ च्या अखेरीपर्यंत आपली ७० टक्के वाहतूक मुक्त सांधे असलेल्या यंत्रांवरून नेण्याचे लक्ष्य तिने जाहीर केले. सांधे मुक्त, यंत्रे मात्र बहुतांशी एकाच घरची. पुष्कळांनी नाके मुरडली. मला त्यात फसवणूक दिसत नाही. दाराला सार्वत्रिक मापाचे कुलूप बसवून घेतले, किल्ली आज जुन्याच माणसाकडे ठेवली. उद्या बदलायची सोय राहिली. मोठ्या आणि चालत्या जाळ्याने याहून धाडस करावे अशी अपेक्षा करणाऱ्याने कधी चालते जाळे सांभाळलेले नसावे.

सुरक्षिततेबद्दलही दोन शब्द. सांधा खुला केला म्हणजे जाळ्यात जोडांची संख्या वाढते, आणि प्रत्येक जोड हे एक दार आहे. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने करवून घेतलेल्या अभ्यासात ओ-रॅनच्या तेव्हाच्या मापदंडांवर हाच आक्षेप होता, की सुरक्षेचा विचार मुळापासून पुरेसा केलेला नाही. त्यानंतर मापदंडांत दुरुस्त्या होत आल्या आहेत. माझ्या मते खुल्या सांध्याचा फायदा वेगळाच आहे. तिथे आपला माणूस यंत्र लावून आत काय जाते-येते ते पाहू शकतो. बंद डब्यात ते पाहता येत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. पण पाहायला माणूस बसवलाच नाही, तर दार उघडे ठेवून पहारा काढून घेतल्यासारखे झाले. गार्ड ड्युटी केलेल्या प्रत्येक कॅडेटला हे कळेल.

भारतात आपण या वाटेवर पहिल्यांदाच निघालो आहोत असे नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाले. खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज त्यांनी बनवले. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारे. त्यातले पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले. राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची सैनिक शाळा आहे तेच कित्तूर. या मासिकाच्या काही वाचक पालकांच्या मुली तिथे असतील. ते तंत्र सी-डॉटने स्वतःपुरते ठेवले नाही, अनेक भारतीय कारखान्यांना बनवायला दिले. रचना एक, बनवणारे अनेक. आणि रचनेचा मालक ठाम एकच. बिघाड झाला की पत्र कुठे लिहायचे हे सगळ्यांना माहीत होते.

अलीकडचे उदाहरण बीएसएनएलच्या ४जीचे. गाभा सी-डॉटचा, टॉवरवरची यंत्रे तेजस नेटवर्क्सची, आणि सगळे जुळवून चालते करून देण्याची जबाबदारी टीसीएसची. काटेकोर अर्थाने याला ओपन रॅन म्हणता येणार नाही, कारण रेडिओ आणि बेसबँड एकाच कंपनीचे आहेत. पण जुळवणाऱ्याचे नाव करारात ठळक लिहिलेले आहे, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडाहून पंतप्रधानांनी हे जाळे राष्ट्राला अर्पण केले. खासगी क्षेत्रातल्या जिओचे ४जी सप्टेंबर २०१६ मध्येच सुरू झाले होते. म्हणजे नऊ वर्षे. उशीर झाला, आणि त्याची किंमत बीएसएनएलने ग्राहक गमावून मोजली. तरी गाभा, टॉवर आणि जोडणी हे तिन्ही हात देशातच तयार झाले, हे मी जमेच्या बाजूला मांडतो. यापुढची पायरी म्हणजे तेजसच्या डीयूला तिसऱ्याच भारतीय कंपनीचा रेडिओ जोडून दाखवणे. त्यासाठी कोणत्याही पुरवठादाराच्या पगारावर नसलेली, दोष कोणाचा हे निःसंकोच लिहून देणारी चाचणीशाळा लागते.

सैन्याने मात्र सगळीकडे मुक्त जाळ्याचा आग्रह धरू नये, असे मी म्हणतो तेव्हा आमचे काही तरुण सहकारी भुवया उंचावतात. २०२५ च्या सुरुवातीला सियाचीनवर ५जी पोहोचले. तशा ठिकाणी सुटा भाग हेलिकॉप्टरने येतो, तोही आकाश उघडले तर. तिथे तीन कंपन्यांचे तीन प्रकारचे सुटे भाग साठवण्यापेक्षा एकाच प्रकारचे दोन पूर्ण डबे ठेवावेत. बिघडला की डबाच बदलायचा. दोष शोधण्याचे काम खाली, उबेत, वेळ असलेल्या माणसाने करावे. छावण्या, डेपो, प्रशिक्षण केंद्रे, मोठे तळ इथे मात्र मुक्त सांधे हवेत, कारण तिथे माणसे आहेत, वेळ आहे, आणि तिथेच ती तयार होतात. सिग्नल्सचे ब्रीद 'तीव्र चौकस' आहे. तीव्र असायला यंत्र पुरते. चौकस माणसालाच राहावे लागते.

पालकांना एक सांगायचे आहे. रविवारी मुलाचा फोन लागला नाही की तुम्ही आमच्या कार्यालयात विचारता, ते योग्यच आहे. पण 'टॉवर खराब आहे' या उत्तरावर थांबू नका. रेडिओ, फायबर, वीज, गाभा यांतले काय खराब आहे, आणि ते शोधणारा माणूस जिल्ह्यात आहे की दुसऱ्या राज्यात, हेही विचारा. दुसरे म्हणजे, प्रत्येक मुलगा अधिकारी निवड मंडळातून पार होईलच असे नाही. न झालेल्यांतल्या बऱ्याच जणांना सॉफ्टवेअरच्या एकाच साच्यात ढकलले जाते. इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार ही शाखा आता जुनी झाली असे शिकवणीवाल्यांनी तुम्हाला सांगितले असेल. दोन कंपन्यांची यंत्रे शेजारी ठेवून, मापदंडाची शेकडो पाने वाचून, चूक कुठल्या बाजूची आहे हे पुराव्यानिशी सांगू शकणारी माणसे मला तरी मुबलक दिसत नाहीत.

बोलण्यापेक्षा करून पाहावे, म्हणून या सत्रात अकरावीच्या कॅडेट्सचे दोन गट केले आहेत. टॉवरचे आणि गाभ्याचे सॉफ्टवेअर आता मोफत आणि खुले मिळते. लहरी हवेत सोडायला परवाना लागतो, तेव्हा रेडिओऐवजी दोन संगणकांमध्ये केबलवरूनच आभासी रेडिओ चालवणार आहोत. एका गटाकडे टॉवर, दुसऱ्याकडे गाभा. दोन्ही गटांनी एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त मापदंड वाचायचा. जोडणी झाली नाही तर प्रत्येक गटाने दोष कोणाचा ते पुराव्यासह लिहून द्यायचे. वादविवादातले दोन वक्ते मी मुद्दाम वेगवेगळ्या गटांत टाकले आहेत. प्राचार्यांकडे दोन जुने संगणक मागितले होते. एक मिळाला आहे, दुसऱ्याचा अर्ज लेखा विभागात आहे.